हापूसच्या पेटीतला हेडमास्तर

मी एकदा हापूस आंबा समजून एक जिवंत कासव माझ्या साडूला कोल्हापूरला पाठवलं.

आंबा आणि कासव यांतला फरक कळू नये इतका मी बावळट आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो आमच्या हिच्या मनात फार पूर्वीच आला आहे आणि तिने तो नुसता मनात ठेवलेला नाही. पण माझी बाजूही ऐकून घ्या. या भानगडीची सुरुवात कासवापासून झालीच नाही. ती कोंबडीपासून झाली. (कोंबडी ओळखण्यातही मीच चुकलो होतो, पण ते ओघाने येईलच.)

ऐंशीनंतरची वर्षं. रत्नागिरीत एका कचेरीत मी कारकून होतो. भाड्याचं चिऱ्याचं घर, वर कौलं, मागीलदारी दोन नारळ, एक शेवगा आणि पाच-सहा कोंबड्या. घरात मी, कुंदा, सात वर्षांची वैजू आणि चार वर्षांचा राजू. कोंबड्यांपैकी एक तपकिरी कोंबडी वैजूने पाळली होती. म्हणजे पाळलेल्या सगळ्याच होत्या, पण हिला तिने नाव दिलं होतं: साळवीबाई. वर्गावरच्या बाईंचं नाव. बाई चालताना मान अशीच पुढेमागे करायच्या म्हणे.

एप्रिलात माझे साडू शामराव, म्हणजे कुंदाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोल्हापूरहून सहकुटुंब आले. गणपतीपुळ्याला जाऊन दर्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी बुधवार. तेव्हा देवाचीही हरकत नव्हती आणि शामरावांची तर कधीच नसते.

"पाव्हणं," ओटीवर मांडी ठोकून ते म्हणाले, "तुमच्याकडचं कोंबडी-वडं खाल्ल्याबिगर आमी हलत न्हाई!"

कुंदाने आतून सांगितलं, "अहो, मागीलदारची तपकिरी धरा."

मागीलदारी तपकिरी कोंबड्या दोन होत्या. एक मला बघून शेवग्यावर चढली. दुसरी चालत माझ्या पायाशी आली आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघायला लागली. मी तिलाच धरलं. इतकी शहाणी कोंबडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. ती पळाली नाही, कारण तिला माणसाची सवय होती, हे मला दुसरा वडा रश्शात बुडवताना कळलं. कारण त्याच वेळी, स्वतः दोन वडे आणि वाटीभर रस्सा संपवून, वैजू मागीलदारी गेली आणि तिथून हाक ऐकू आली, "साळवीबाई! साळवीबाई, ये! तांदूळ देते!"

शामरावांच्या हातात तंगडी होती. ती त्यांनी तशीच धरली. राजू तेवढा शांतपणे म्हणाला, "ताई, ती इकडे आहे."

त्या दिवसापासून वैजूने माझ्याशी अबोला धरला. शाळेत मात्र बोलली! "आमच्या बाबांनी आणि कोल्हापूरच्या काकांनी साळवीबाईंना खाल्लं" हे तिने वर्गात रडत रडत सांगितलं आणि खऱ्या साळवीबाई तेव्हा वर्गातच होत्या. मला शाळेत बोलावणं आलं. बाईंसमोर उभं राहून "तुम्हांला नाही हो, तुमच्या नावाच्या कोंबडीला" असं सांगण्याचा प्रसंग माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

घरात अबोला म्हणजे काय, ते ज्याची मुलगी सात वर्षांची आहे त्यालाच कळेल. संध्याकाळी कचेरीतून आलो की फाटकापाशी धावत येणारी पोर आता मला बघून आत जायची. काय सांगायचं ते राजूमार्फत. मी हातभर अंतरावर बसलेला असायचो.

"राजू, बाबांना सांग, मला दुसरा प्राणी हवाय."

"बाबा, ताईला दुसरा प्राणी हवाय."

"विचार तिला, कुठला?"

"ताई, कुठला?"

"सांग. ज्याला कोणी खात नाही असला."

पोरीने परत बाबा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी वाघसुद्धा आणला असता. पण ही अट रत्नागिरीत पुरी करणं म्हणजे थट्टा नव्हे! इथली माणसं समुद्राच्या काठावर वाढलेली. हलणारी वस्तू दिसली की आधी तिला खवले आहेत का ते बघायचं आणि मग घरात ओलं खोबरं आहे का ते.

कुत्रा आणता आला असता, पण कुंदाला लहानपणी कुत्रं चावलं होतं आणि पोटातली इंजेक्शनं तिला अजून आठवतात. मांजर? ज्या घरात दिवसाआड बांगडा तळला जातो, त्या घरात मांजर आणलं तर बांगडा कोणी खायचा, यावर रोज लवाद बसवावा लागला असता. मग मी सल्ल्याला गेलो शेजारच्या इस्माईलचाचांकडे. चाचांनी अर्धं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून काढलेलं. जगातली सगळी बंदरं पाहिलेली आणि, माझ्या लक्षात यायला हवं होतं, चाखलेली.

"चाचा, ससा कसा वाटतो?"

"ससा? वा भाऊ! मसाला कमी टाकायचा मात्र."

"खायला नाही हो, पाळायला! बरं, कबुतर?"

"दोन आणा. एकात माणशी काय येणार?"

"बदक?"

चाचांनी नुसते डोळे मिटले. मी उठलो.

अशा रीतीने पिसांचे आणि केसांचे सगळे प्राणी बाद झाले. राहिले सरपटणारे. मी नगर वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि जेवताना कुंदाला समजावून सांगायला लागलो. घरात लहान मुलं असताना पहिलाच सरपटणारा प्राणी पाळायचा तर तो कसा असावा? चावरा नसावा. पोरांच्या हाताला झेपावा. खाण्याचे चोचले नसावेत. आणि घर सोडून पळणारा नसावा. (लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनीही माझ्याबद्दल हीच चौकशी केली होती.)

"पाल कशी?" मी विचारलं.

"भिंतीवर तीन आहेत. हवी ती निवडा," कुंदा म्हणाली.

सरडा मीच धरायला गेलो. कुंपणावर बसून तो माझ्या प्रत्येक पावलाला मान हलवत होता. मला वाटलं, हो म्हणतोय. मी हात घातला तेव्हा माझ्या हातात कुंपणाचा निवडुंग आला. घोरपडीचं कचेरीत बोललो, तर संगमेश्वराकडचा आमचा शिपाई खुर्ची ओढून पुढे सरकला आणि म्हणाला, "साहेब, मटणाला मागे सारील!" तीही गेली. मग कोणीतरी धामण सुचवली. बिनविषारी, गरीब, घरातले उंदीर खाते. मी घरी येऊन हे सगळे गुण सांगितले.

"साप आणलात तर मी माहेरी जाईन," कुंदा म्हणाली. "आणि माझं माहेर लांज्याला आहे, विसरू नका. पुढची एसटी धरली तरी दुपारच्या जेवणाला पोचेन."

राहता राहिलं कासव. आणि कासवाची सोय देवानेच केली. मे महिन्यात गावाला माझा चुलतभाऊ बबन विहीर उपसत होता. आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, ते किडेमकोडे खातं आणि पाणी राखतं. गाळाबरोबर बबनचं कासव वर आलं होतं आणि तोपर्यंत एका पिंपात बसलं होतं. काळंभोर, ताटलीएवढं, पाठीवर तीन कंगोरे.

"न्या हवं तर," बबन म्हणाला. "पण पावसाच्या आत परत आणा. विहीर त्याची आहे, आम्ही आपले पाणी भरतो."

(आज असं कासव घरी आणलं तर वनखातं दारात उभं राहील आणि ते बरोबरच आहे. तेव्हा आमच्या दारात फक्त साडू उभे राहायचे.)

कासव पिशवीत घालून मी आधी चाचांकडे गेलो. परीक्षा इथेच होती. पिशवीचं तोंड उघडलं. चाचांनी चष्मा पुसून लावला, आत बघितलं. 

"नाही भाऊ," चाचा म्हणाले. "हे आमच्यात चालत नाही."

"बोटीवरसुद्धा कधी नाही?"

"तोबा!"

मी चाचांना मिठीच मारली. त्यांना वाटलं, कचेरीत बढती मिळाली.

वैजूने कासवाला बघितलं. मग मला बघितलं. मग पुन्हा कासवाला. तिने त्याच्या पाठीवर बोट ठेवलं. थोड्या वेळाने आतून एक सुरकुतलेलं डोकं बाहेर आलं, त्याने इकडे तिकडे नाराजीने पाहिलं आणि परत आत गेलं.

"राजू, बाबांना सांग, ह्याचं नाव हेडमास्तर."

शाळेचे हेडमास्तर खोलीतून असंच डोकं काढायचे म्हणे. मुख्य म्हणजे, तिच्या ओठांवर हसू होतं! माझ्यासाठी नव्हतं, कासवासाठी होतं, पण मी त्याच दिशेला बसलो होतो.

हेडमास्तर आमच्याकडे रुळला. सकाळी न्हाणीघराजवळच्या घंगाळात, संध्याकाळी मागीलदारी फेरी, एरवी आंब्याच्या एका रिकाम्या पेटीत पेंढा घालून केलेल्या अंथरुणात मुक्काम. भोपळ्याची साल खायचा, कोलंबीची डोकी खायचा. आंब्याची कोय तर इतकी स्वच्छ चाटायचा की राजूने त्याच्याशी शर्यत लावली. (राजू हरला.) त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, असा कुंदाने कायदा केला. मीही रोज फाटकातून आत येताना "काय हेडमास्तर?" असं मोठ्याने विचारायचो. वैजूने ऐकावं म्हणून. "बोलेल हो," कुंदा म्हणायची, "काल तुमच्या ताटात स्वतःहून मीठ वाढलंन् तिने. आज-उद्या बोलेल."

आणि नेमका त्याच आठवड्यात आंबा भरायचा दिवस आला.

रत्नागिरीच्या माणसाची नाती मे महिन्यात पेटीने मोजतात. वर्षभर ढुंकून पाहिलं नाही तरी चालतं, पण पेटी गेली पाहिजे. त्यातही कोल्हापूरची पेटी म्हणजे सत्त्वपरीक्षा. शामराव दरवर्षी पेटी संपेपर्यंत गप्प असायचे आणि शेवटची कोय चोखून झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप पाठवायचे, "औंदा मजा न्हाई." म्हणून यंदा मी एकेक फळ स्वतः निवडलं. माजघरात आंबे पसरले, पेंढा आणला, पेट्या मांडल्या आणि लक्षात आलं की एक पेटी कमी पडते आहे.

घरात एकच जास्तीची पेटी होती. तिच्यात हेडमास्तर झोपला होता.

शेजारी कोल्हापूरची पेटी उघडीच होती. खालचे थर लागले होते, वरचा एक थर राहिला होता. मी हेडमास्तरला उचललं आणि त्या रिकाम्या जागेत ठेवलं. तात्पुरतं! डोळ्यांवर उजेड नको म्हणून वरून पेंढा टाकला. त्याची पेटी झटकली, पुसली, भरायला घेतली. तेवढ्यात दारात मासेवाली ओरडली, "बांगडं हायेत वो, ताजं फडफडीत!"

आता मला सांगा, कोणता शहाणा माणूस अशा वेळी आंबे भरत बसेल? मी बाहेर गेलो. कल्ले उघडून बघितले, नको म्हटलं, पुन्हा बोलावलं, घेतले. परत आलो तेव्हा डोक्यात फक्त बांगडा होता. माजघरात पेट्या ओळीने होत्या. कोल्हापूरच्या पेटीवर पेंढा दिसला. म्हटलं, कुंदाने वरचा थर लावलेला दिसतो. तरी खात्री म्हणून पेंढ्यात हात घातला (मी कामात चोख आहे!). हाताला लागलं: कडक. गोलसर. गार.

"कुंदा," मी ओरडलो, "यंदा फळ काय जबरदस्त आहे गं!"

फळी ठेवली, खिळे ठोकले. शेवटचा खिळा मारताना आतून खसखस झाली. वाटलं, आंबा जागेवर बसला. वर ब्रशने शामरावांचं नाव घातलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: आठ दिवस उघडू नये. स्टँडवर नेऊन कोल्हापूर गाडीच्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हवाली केली. "सांभाळून न्या हो," मी म्हणालो, "यंदा जीव ओतलाय यात."

संध्याकाळी वैजू घंगाळात डोकावली. पेटी शोधली. पेटी नव्हतीच. "राजू, बाबांना विचार, हेडमास्तर कुठे?"

"असेल गं शेवग्याखाली," मी म्हणालो. शेवग्याखाली नव्हता. गटारात नव्हता. चाचांच्या अळवात नव्हता; चाचा गुडघ्यांवर रांगून आले. राजूने तांदळाच्या डब्यात बघितलं. शोधता शोधता कुंदा माजघरात थांबली आणि म्हणाली, "अहो, हे आंबे कुठले?"

भिंतीशी थोडे आंबे होते. सुरेख, एकसारखे, पुसून ठेवलेले. मी स्वतः निवडलेले. कोल्हापूरच्या पेटीच्या वरच्या थराचे.

मी खाली बसलो.

"मग वरच्या थराला काय घातलंत?" कुंदाने विचारलं. आणि उत्तर माझ्या तोंडावर वाचून तिने पदर स्वतःच्या तोंडावर धरला. ती रडते आहे असं मला वाटलं. ती हसत होती. वैजू मात्र पांढरी पडली होती.

"राजू!" ती ओरडली. "ह्यांना सांग, साळवीबाईंना ज्यांनी खाल्लं, त्याच काकांना ह्यांनी हेडमास्तर पाठवलाय!"

"बाबा..." राजूने सुरुवात केली.

"ऐकलं मी," मी म्हणालो.

सकाळी पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावला. शामरावांच्या घरी फोन नव्हता, खालच्या पिठाच्या गिरणीत होता. शामराव आले, पण गिरणी चालूच होती, त्यामुळे आम्ही दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. पोस्टातली रांग मन लावून ऐकत होती.

"पेटी मिळाली का?"

"मिळाली की! घरात हाय!"

"ती उघडा!"

"उघडा? तुमीच लिवलंय न्हवं, आठ दिवस उघडू नये?"

"आत्ता उघडा! आत कासव आहे!"

 शामराव समजुतीच्या सुरात ओरडले, "पाव्हणं, पेटी दुसऱ्या कुणाला द्यायची हुती आन् चुकून आमाला आली, असं सरळ सांगा की. कासवाचं नाव कशाला घेताय?"

"अहो, खरंच कासव आहे!"

"दिलेला आंबा परत मागताय व्हय? कोल्हापुरात आलेला आंबा परत जात न्हाई! नाद न्हाई करायचा!" आणि फोन ठेवला.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "कुठल्या बागेतला हो आंबा?"

मी पुढची एसटी धरली. वैजू बरोबर आली. म्हणजे राजूने कळवलं की ताई येते आहे. आंबा घाट येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी लिमलेटची गोळी पुढे केली. तिने घेतली नाही. मी "ते बघ माकड" म्हटलं. तिने माकडाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"पोरगी बोलत नाही काय?" कंडक्टरने विचारलं.

"बोलते. माझ्याशी नाही."

"असं होय. आमच्या घरातबी तसंच हाय," असं म्हणून त्याने मला फार आपुलकीने तिकीट दिलं.

दार शामरावांनीच उघडलं. मला बघून ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "आलात? आंबा न्यायला जातीनं आलात?"

"शामराव, पेटी कुठे आहे?"

"कॉटखाली. आन् तिथंच ऱ्हाणार."

आतून अक्का, म्हणजे कुंदाची थोरली बहीण, आल्या. "बरं झालं आलात भावोजी. त्या पेटीत काल संध्याकाळधरनं खुडखुड चाललीय. मी म्हणते उंदीर शिरला, तर हे म्हणतात..."

"उंदीर कसला!" शामराव म्हणाले. "अस्सल हापूस पिकताना आतनं गरम हुतो आन् हालतो. गल्लीतल्या सगळ्यास्नी आणून ऐकवलंय मी. पेटीला कान लावून गेल्यात लोकं!"

मी कॉटखाली वाकणार, तोच माझ्या करंगळीला काहीतरी लागलं. वैजूने माझी करंगळी घट्ट धरली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पेटीकडे बघत होती. तिचा हात थंडगार होता. इतके दिवस मी हसण्यावारी नेत होतो ते सगळं त्या करंगळीतून वर चढलं. पेटीला फटी होत्या, हवा होती, मला ठाऊक होतं. तरी मनात म्हणालो, देवा, माझी फजिती पाहिजे तेवढी कर, पण हे एक कासव हलू दे.

मी पेटी बाहेर ओढली आणि शामरावांनी कुरकुरत पक्कड आणली. खिळा निघाला, दुसरा निघाला, फळी उचलली. वर पेंढा होता. पेंढा स्वस्थ होता.

आम्हीही स्वस्थ होतो. 

मग पेंढा एका कोपऱ्यात फुगला. त्यातून सुरकुतलेलं डोकं वर आलं, तोंडाला पिवळाधमक रस माखलेला, आणि त्याने अख्ख्या कोल्हापूरकडे नाराजीने पाहिलं.

"आयो!" असा आवाज झाला. बघतो तर शामराव कॉटवर उभे! तालमीत घुमलेला, एका बैठकीत अर्धी कोंबडी संपवणारा माणूस, लुंगी गुडघ्यांपर्यंत धरून भिंतीला चिकटलेला!

"ह्ये... ह्ये काय हाय?"

"यंदाचा वरचा थर," मी म्हणालो.

"चावतंय का?"

वैजूने माझी करंगळी सोडली, पुढे झाली आणि हेडमास्तरला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. मग कॉटवरच्या शामरावांकडे मान वर करून म्हणाली, "काका, ह्याला खाऊ नका हं."

"अगं पोरी," शामराव वरूनच म्हणाले, "मी कशाला खातोय त्याला? त्यो मला खाईना म्हंजे झालं! आन् तुझी ती कोंबडी... अंबाबाईची शपथ, मला म्हाईत न्हवतं गं. तुझ्या बापाला म्हाईत पायजे हुतं."

(सगळे रस्ते फिरून शेवटी माझ्याच दारात येतात.)

वैजूने त्यांना माफ केलं. लगेच! हसली, त्यांना खाली उतरायला सांगितलं, हेडमास्तरच्या पाठीला हात लावू दिला, मग साबणाने हात धुवायला लावले. जेवायच्या आधी मात्र स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडून बघून आली. पेटीत एक आंबा जरा आधीच पिकला होता आणि तो हेडमास्तरने शोधून कोयीपर्यंत खाल्ला होता. ती कोय हातात घेऊन शामराव बराच वेळ बघत बसले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "पुढच्या वर्षापासनं फळ ह्यालाच निवडाय सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. अक्कांनी हेडमास्तरला एक टोपली दिली, त्यात ओलं फडकं अंथरलं. शामराव स्टँडवर पोचवायला आले आणि गाडी सुटेपर्यंत टोपलीला उद्देशून "पुन्यांदा या" म्हणत राहिले. गाडीत टोपली वैजूच्या मांडीवर होती. हेडमास्तर खुशीत होता. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं, त्याने डोकं बाहेर काढलं. कालचाच कंडक्टर आला, "अरे वा, पाव्हणा कोण?" म्हणाला, त्याने त्यालाही डोकं दाखवलं. मलकापूर गेलं, घाट सुरू झाला. म्हटलं, आता आपणही दोन शब्द बोलावेत. मी टोपलीवर वाकलो आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणालो, "काय हेडमास्तर?"

सप्पकन डोकं आत! चारही पाय आत! शेपटीसुद्धा आत! नुसती काळी ताटली.

मी सरळ झालो. थोड्या वेळाने डोकं हळूच बाहेर आलं. मी पुन्हा वाकलो. पुन्हा आत!

आणि तेव्हा वैजूने मान वर केली. माझ्या डोळ्यांत बघितलं. राजू रत्नागिरीला होता, मध्ये निरोप न्यायला कोणी नव्हतं. 

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं बाळा?" मी लगबगीने तिच्याकडे वळलो. "बोल ना!"

"तुम्ही जरा मागच्या सीटवर जाऊन बसा. तुम्हांला बघितलं की त्याला पेटी आठवते."